रिकामं आणि शून्य

"आत्या, हे काय गं? कसली भाषा आहे ही?"

भाच्याने एक इअरफोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला, तर मशीनचा आवाज एका दमात इंग्रजी अक्षरांची माळ ओढत होता. यू, के, एफ, मध्येच अवतरण चिन्ह, के, डी. ना अर्थ, ना थांबा. तो ऐकत होता ते दादांचं आत्मकथन. माझ्या वडिलांचं, म्हणजे त्याच्या आजोबांचं. १९९९ साली त्यांच्या पंचाहत्तरीला मीच टाइप केलं होतं, मीच पानं लावली होती. ११२ पानं, ३०० प्रती. लग्नकार्यात वाटून वाटून आता घरात चार उरल्या आहेत.

भाचा जन्मापासून पाहू शकत नाही. दादा गेले तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आता बावीस वर्षांचा आहे, संगणकाचं शिकतोय, आणि आजोबांनी काय लिहिलंय ते त्याला स्वतः वाचायचं होतं. कुणी वाचून दाखवायला नको होतं त्याला. म्हणून मी मोठ्या हौसेने पेनड्राइव्हवर फाइल दिली होती.

ती यू-के-एफची माळ म्हणजे काय हे मला लगेच कळलं, कारण माझ्या बोटांनीच ती घातली होती. तो शब्द होता 'नाशिक'.

हे नीट सांगायला हवं. मी १९८६ साली रविवार कारंजाजवळच्या एका क्लासात रेमिंग्टनच्या मराठी टाइपरायटरवर शिकले. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली. पुढे १९९५ मध्ये अशोक स्तंभाजवळ गाळा घेऊन डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचं काम, सुरू केलं, तेव्हा संगणकावर कृतिदेव फॉन्ट मिळाला. त्याचा कीबोर्ड रेमिंग्टनसारखाच, त्यामुळे बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. पण आतली युक्ती अशी होती की संगणकाला इंग्रजीच माहीत होतं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार नेऊन बसवले. मी डी दाबला की पडद्यावर क उमटायचा, पण फाइलमध्ये साठायचा डीच. फॉन्ट काढून घेतला की क गेला, डी उरला. घरंही मोजकीच, दोनशेच्या आसपास, आणि मराठीत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, उकार, रफार धरून आकार त्याहून किती तरी जास्त. म्हणून अक्षरांचे तुकडे केलेले. श म्हणजे अर्धा श आणि पुढे एक दांडा. तो दांडा आणि काना एकाच बटणावर. म्हणजे 'नाशिक'मध्ये के दोनदा येतो, एकदा ना-चा काना म्हणून आणि एकदा श-चा दांडा म्हणून. आणि वेलांटी? ती श-च्या आधी, कारण डोळ्याला ती आधी दिसते आणि टाइपरायटरवर आधी मारावी लागते.

छापील कागदाला याने काहीच फरक पडत नव्हता. हजारो लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल मी असेच काढले आणि ते सगळे डोळ्यांना सुंदर मराठी दिसत. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात आपापलं घर देणारी पद्धत, १९९१ पासून होतं, त्यात देवनागरीला तिची स्वतःची घरं होती, आणि विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला होता. पण मी ज्या पेजमेकरवर पानं लावायची त्याला युनिकोडची मराठी जोडाक्षरं जमत नव्हती, आणि छापखान्याला जुन्याच फाइल हव्या असत. त्यामुळे आम्ही सगळे वर्षानुवर्षं दिसण्यापुरतं मराठी लिहीत राहिलो.

त्या दिवशी इअरफोन कानात असताना मला पहिल्यांदा समजलं की मी दादांचं पुस्तक टाइप केलं खरं, पण मराठीत लिहिलंच नव्हतं.

मग कामाला लागलो. फाइल उघडायलाच आठवडा गेला. पेजमेकर चालणारा जुना संगणक माळ्यावर होता, तो एकदाचा सुरू झाला आणि त्यातून मजकूर आरटीएफ नावाच्या फाइलप्रकारात काढून घेतला. साधा मजकूर म्हणून काढला नाही, याचं कारण महत्त्वाचं आहे. आरटीएफमध्ये कोणता शब्द कोणत्या फॉन्टात आहे याची नोंद राहते. दादांच्या पुस्तकात मधूनमधून खरी इंग्रजी अक्षरं आहेत, परीक्षांची नावं, पत्ते. फॉन्टची नोंद पुसली गेली असती तर खरा डी कोणता आणि क-चा डी कोणता हे कुणालाच सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा आम्ही नेटवर फुकट मिळालेला एक कन्व्हर्टर वापरला. नव्वद टक्के काम झालं असं वाटलं, पण उरलेल्या दहा टक्क्यांत दादांचं निम्मं लिखाण विस्कटलेलं होतं. तो कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असावा. दादांनी लिहिलं होतं 'सह्याद्रीच्या दऱ्या', आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वाचत होता 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरातून एकदम समुद्रात. आपल्याकडे आचाऱ्यांना बोलावणं आणि आचार्यांना बोलावणं यात जेवणावळीएवढा फरक आहे, आणि तो सगळा त्या चंद्रकोरीएवढ्या अर्ध्या ऱ-वर उभा आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून कन्व्हर्टरला ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, तू मला बटणं सांग, मी लिहितो."

आणि आमचा तक्ता सुरू झाला. मी डोळे मिटून हवेत बोटं हलवायची आणि सांगायची, ष असा, क्ष असा, त्र एकाच बटणावर. तो ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा. एक गोष्ट त्याच्या लगेच लक्षात आली की मोठे गट आधी बदलायचे आणि सुटी अक्षरं मागून. अर्धा श आणि दांडा मिळून पूर्ण श होतो हे आधी उरकायचं, नाहीतर दांड्याचा काना होऊन बसतो. मग वेलांटी. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, जसं आपण उच्चारतो तसं. म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या पूर्ण अक्षराच्या पलीकडे ठेवायची, मध्ये जोडाक्षर असेल तर सगळं जोडाक्षर ओलांडून. रफाराचं बरोबर उलटं. 'दुर्गा' टाइप करताना रफार सगळ्यात शेवटी, कान्याच्याही नंतर मारतात, पण उच्चारात र ग-च्या आधी आहे. त्यामुळे तो रफार काना ओलांडून, ग ओलांडून मागे न्यायचा. मी हे सगळं तीस-पस्तीस वर्षं बोटांनी केलं होतं, कधी शब्दांत मांडलं नव्हतं. भाच्याला सांगताना मला माझंच काम नव्याने दिसत होतं.

पुस्तकाची प्रस्तावना मात्र मिळाली नाही. तिची फाइल कुठल्याशा फ्लॉपीवर गेली. तेवढी दोन पानं ३०० डीपीआयवर स्कॅन केली आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टमधून काढली. हे सॉफ्टवेअर मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. छापील मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं, भ-म आणि घ-ध यांत मात्र चुकतं. दोन पानं हाताने तपासायला तासभर पुरला.

काही जणांनी विचारलं, एवढं कशाला, पुस्तक स्कॅन करून पीडीएफ टाकून द्यायचं ना? नाही. स्कॅन म्हणजे फोटो. भाच्याच्या कानाला फोटोत काहीच नाही. एका कॉलेजने परीक्षेचं वेळापत्रक मोबाइलवर फोटो काढून, त्याची पीडीएफ करून टाकलं होतं. तिथल्या पाहू न शकणाऱ्या मुलाला दर वेळी मित्राला विचारावं लागलं की माझा पेपर कधी. वेळापत्रक टाइप केलेलं असतं, कुणाच्या तरी संगणकावर अक्षरांत असतं. ते छापायचं, सही-शिक्का मारायचा, फोटो काढायचा आणि मग 'उपलब्ध आहे' म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो. आणि स्कॅन नसलेल्या पीडीएफचाही भरवसा धरता येत नाही. ॲडोबीने ती १९९३ साली आणली ती पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. कोणता आकार पानावर कुठे बसवायचा हे तिच्यात पक्कं असतं. तो आकार म्हणजे कोणतं अक्षर, हे असेलच असं नाही. मराठी पीडीएफमधून एखादा परिच्छेद कॉपी करून बघा, वेलांट्या कुठच्या कुठे पडलेल्या दिसतील.

आम्ही एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची फाइल, केली. आरटीएफवरून आधी साफ डॉक्युमेंट, मग पॅनडॉकमधून वेब पान. पॅनडॉक जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ साली सुरू केलं, आणि ते एका प्रकारचं डॉक्युमेंट दुसऱ्या प्रकारात नेतं. पण नेण्यासारखं आधी काही असावं लागतं. माझ्या जुन्या पानांत प्रकरणाचं शीर्षक म्हणजे नुसतं मोठं, ठळक अक्षर. डोळ्याला शीर्षक, मशीनला काहीच नाही. भाचा एनव्हीडीए वापरतो. हा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केला आणि जेम्स टेह हा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्यात एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते, टी दाबलं की पुढच्या तक्त्यावर. पण शीर्षकाला 'हे शीर्षक आहे' असं सांगितलेलं असेल तरच. मी २३ प्रकरणांना एकेक करून सांगितलं. पान मराठीत आहे हेही वर नोंदवलं, त्याशिवाय मराठी आवाज आपोआप लागत नाही. त्याच नोंदीमुळे काही फॉन्टांत श आणि ल आपल्या मराठी वळणाचे दिसतात, आणि मला टायपिंगवाल्या बाईला तो आनंद वेगळाच झाला.

फोटो १४ होते. प्रत्येकाखाली वर्णन लिहायचं होतं. 'दादा शाळेच्या ओट्यावर उभे' एवढं लिहून मी पुढे गेले, तर भाच्याने विचारलं, "टोपी कुठल्या रंगाची?" फोटो काळा-पांढरा. पण टोपी पांढरीच होती, मी ती धुतलेली आहे. तसं लिहिलं. त्या चौदा वर्णनांना मला तीन दिवस लागले.

पुस्तक झालं आणि भाचा म्हणाला, आजोबांनी पावसाचं एवढं लिहिलंय, त्या वह्या कुठे आहेत?

वह्या पंचवटीच्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. दादा दिंडोरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक. १९६१ पासून १९९८ पर्यंत त्यांनी रोजच्या पावसाची नोंद ठेवली. आधी शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकावर, निवृत्तीनंतर घराच्या अंगणात. सकाळी साडेआठला मोजायचे, म्हणजे लिहिलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा. नक्षत्र लिहिलेलं, वाहन लिहिलेलं. 'मृग, वाहन कोल्हा', आणि पुढे आकडा. कुठे आकड्याच्या जागी 'थेंब'. शेऱ्यात भात लावणी, द्राक्षांवर भुरी, १९६९ च्या पुराच्या दिवसांत 'नाशकात दुतोंड्या मारुती बुडाल्याची बातमी'.

हस्ताक्षर मशीनला वाचता येणार नव्हतं. मग ठरलं की मी मोठ्याने वाचायचं, भाच्याने भरायचं, पानभर झालं की मशीनने परत वाचायचं आणि मी वहीशी ताडून बघायचं. दर रविवारी तो नाशिकरोडहून बसने यायचा. या पद्धतीत चुका फार कमी सुटतात, कारण डोळा चुकीचं अक्षरही मनाने दुरुस्त करून पुढे जातो, कान जात नाही.

पहिली चूक आमची नव्हती, एक्सेलची होती. जुन्या वह्यांत पाऊस इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात, आहे. एक इंच पस्तीस सेंट हे दादा '१-३५' असं लिहीत. भाच्याने तसंच भरलं. संध्याकाळी मशीनने परत वाचलं, "जानेवारी १९३५." दोन इंच दहा सेंट झाले होते २ ऑक्टोबर. एक्सेलला डॅश दिसला की त्याला तारीख वाटते, आणि ते न विचारता बदलून टाकतं. आत मूळ '१-३५' उरतच नाही, १९०० पासूनच्या दिवसांचा एक आकडा उरतो. 'शून्य-चाळीस' तेवढे वाचले, कारण शून्य नावाचा महिना नाही. भाच्याने सांगितलं की शास्त्रज्ञांच्या जनुकांच्या नावांच्याही अशाच तारखा होत होत्या, मार्च-वन, सेप्ट-वन वगैरे, आणि शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलण्यात आली. आम्हाला वही बदलता येणार नव्हती. म्हणून सगळे रकाने आधी 'मजकूर' म्हणून ठरवले आणि पुन्हा पहिल्यापासून भरले. दोन रविवार गेले.

आता फाइलमध्ये दोन रकाने आहेत, एक 'वहीत जसं आहे तसं', दुसरा मिलिमीटर. १-३५ च्या शेजारी ३४.३. गणित चुकलं तरी दादांनी काय लिहिलं ते शाबूत. आकडे मात्र इंग्रजी वळणाचे ठेवले. मराठी अंक माणसाला वाचायला चांगले, पायथनला चालतातही, पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट त्यांना संख्याच मानत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. सगळं सीएसव्हीत, म्हणजे साधा मजकूर, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. कोणत्याही संगणकावर उघडेल, पन्नास वर्षांनीही.

उघडेल, पण एक्सेलमध्ये दोन टिचक्या मारून उघडलं तर सगळ्या शेऱ्यांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले ए रांगेने उभे दिसतात. मी घाबरले होते, सगळं गेलं म्हणून. काहीच गेलेलं नव्हतं. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, मराठीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि एक्सेल ते तीन वेगळी अक्षरं समजून दाखवत होतं. आयात करताना युटीएफ-८ निवडलं की शेरे जागच्या जागी येतात. याच कारणाने फाइलचं नाव मात्र इंग्रजीत ठेवलं. वेब पत्त्यात मराठी अक्षर नऊ चिन्हांचं होतं, एकट्या 'नाशिक'ची पंचेचाळीस.

खरं भांडण झालं ते रिकाम्या जागांवरून.

१९७२ च्या वहीत जुलैपासून पानंच्या पानं शून्य आहेत. दादांनी डॅश मारलेला नाही, 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं नाही. रोज सकाळी जाऊन, कोरडं भांडं बघून, रोज एक शून्य काढलंय. दुष्काळाचं, सुकडी आणि मिलोचं ते वर्ष. मी ते वाचत गेले, शून्य, शून्य, शून्य, आणि भाचा मुकाट्याने भरत गेला.

मग १९८३ ची वही आली. ऐन जुलैत अकरा दिवस रिकामे. भाच्याच्या प्रोग्रॅमने तिथे आपोआप शून्य भरलं, कारण रिकाम्या जागेने बेरीज अडत होती. मशीन परत वाचायला लागलं आणि माझ्या तोंडून जरा जोरातच निघालं, "थांबव ते. ते शून्य नाही."

त्या अकरा दिवसांत आई दवाखान्यात होती आणि दादा तिच्या उशाशी. पाऊस धो धो होता, मला आठवतंय, रिक्षा मिळत नव्हती. अंगणातलं भांडं भरून वाहत असणार, बघायला कुणी नव्हतं. बाराव्या दिवसापासून पुन्हा आकडे सुरू होतात. शेऱ्यात काही नाही. आई परत आली नाही, हेही नाही.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने प्रोग्रॅम बदलला. आता शून्य म्हणजे बघितलं आणि पाऊस नव्हता, रिकामं म्हणजे बघितलं नाही. 'थेंब' वेगळा. महिन्याच्या बेरजेशेजारी किती दिवसांची नोंद आहे ते येतं, म्हणून १९८३ च्या जुलैपुढे एकतीसमधले वीस असं दिसतं. हे सगळं फाइलसोबतच्या एका पानावर साध्या मराठीत लिहून ठेवलंय, साडेआठची वेळ, इंच-सेंट, सगळं. ते पान नसेल तर आकड्यांना अर्थ नाही.

नकाशावर गावाची खूण करतानाही एकदा फसलो. जिओजेसन या नकाशाच्या फाइलप्रकारात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायचा असतो. आम्ही बोलतो तसं अक्षांश आधी लिहिलं आणि दादांचं पर्जन्यमापक नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात जाऊन पडलं. ते दोन मिनिटांत सुधारलं.

१९८३ पर्यंतच्या वह्या झाल्या आहेत, पंधरा उरल्या. १९८४ ची काढून ठेवली आहे. तिची मधली काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, कुठे आकडा अर्धा आहे, कुठे नुसतं नक्षत्राचं नाव. शून्य नाही, रिकामं नाही, असा तिसरा शेरा लागणार. भाचा म्हणाला, "'वाचता येत नाही' असंच लिहू." रविवारी तेवढी पानं उजेडात धरून मी आधी नीट बघणार आहे, मगच तसं लिहायचं.